ज्याचं सोंग, त्याला पहिली रांग

कुंचल्याचं मागचं टोक कानाच्या पाळीवर घासत ते विचारायचे, "ते सारं ठीक हाय. पण ज्याचं सोंग आणलं, तो कुठं बसून राह्यला?"

गॅदरिंगची तालीम असो की स्टाफरूममध्ये कुणी हेडमास्तरांची नक्कल करत असो, आमच्या ड्रॉइंग सरांचा हा प्रश्न ठरलेला. उत्तर मिळेपर्यंत ते हसत नसत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, त्यांच्यासमोर विनोद सांगायची जरा धास्तीच वाटते. आणि गंमत अशी की अख्ख्या शाळेत त्यांच्याइतका विनोदी माणूस दुसरा नव्हता.

जानेफळच्या हायस्कुलात मी मराठी शिकवायचे आणि ते चित्रकला. अठरा वर्षं आमची कपाटं शेजारीशेजारी होती. मला पेन अंबाड्यात खोचायची सवय, त्यांना कुंचला कानावर ठेवायची. त्यावरून मुलं आम्हाला काय म्हणायची ते मला माहीत आहे, पण इथं लिहिणार नाही. सर उंच, काटकुळे आणि रंगानं काळे होते. 'काळे' असं मी लिहिलंय खरं, पण त्यांनी हे वाचलं असतं तर कागद मला परत केला असता.

कारण काळ्या रंगाबद्दल त्यांचा एक कायदा होता. एकदा पाचवीतल्या एका मुलीनं वडिलांचं चित्र काढलं आणि रंगपेटीतली काळी वडी घेऊन चेहरा भरून टाकला. सर तिच्या बाकाशी उकिडवे बसले.

"काळी वडी केसाले, पोरी. मानसाले नाई."

"पण सर, बाबा काळेच आहेत."

"मी?"

सरांनी शर्टाची बाही वर सारली, मनगट तिच्या वहीवर ठेवलं आणि म्हणाले, "हा रंग बनव." पोरीनं सगळा तास त्यात घालवला. तपकिरी घेतला, त्यात लाल मिसळला, मग पिवळा, मग कुठल्या तरी भीतीनं थेंबभर हिरवा. घंटा झाली तेव्हा तिच्या कागदावर एक चौकोन होता आणि तो सरांच्या मनगटाशेजारी धरला की ओळखू येत नव्हता. "सर, तुमच्यात हिरवा पण आहे," ती म्हणाली. "हाव," सर म्हणाले, "आता तुह्या बाबात काय काय हाय, ते घरी जाऊन पाह्य."

हे वेड त्यांच्या घरातच होतं. त्यांचं गाव जानेफळपासून सहा किलोमीटरवर. तिथं वैशाखात दोन दिवस सोंगं निघतात. पहिल्या दिवशी देवांची आणि दुसऱ्या दिवशी माणसांची. तलाठी, एसटीचा कंडक्टर, बांगडीवाली, दवाखान्यातला कंपाउंडर, कुणाचंही सोंग आणतात. तोंडं रंगवायचा मान सरांच्या घराकडे. आजोबांनी रंगवली, वडिलांनी रंगवली, मग सरांनी.

पण त्या गावची एक रीत आहे. ज्याचं सोंग आणायचं, त्याच्या दारात आदल्या दिवशी रंगवणारा स्वतः नारळ घेऊन जातो. "उद्या तुमचं सोंग हाय, मंजूर हाय का?" असं विचारतो. नारळ नाकारला तर सोंग नाही. घेतला तर त्या माणसाला पहिल्या रांगेत घोंगडीवर बसवायचं, सगळी टिंगल त्याच्या डोळ्यांदेखत करायची आणि शेवटी सोंगाड्यानं त्याच्यापुढं गुडघे टेकायचे. मग तो माणूस टॉवेलनं सोंगाड्याच्या गालावरचा पहिला रंग पुसतो. त्यानं पुसला म्हणजे सोंग उतरलं, मनात काही राहिलं नाही. आणि नाही पुसला तर? तर ज्यानं तो रंग लावला, त्यानं पुन्हा कुंचला हातात धरायचा नाही. हे शेवटचं कलम मला सरांनीच सांगितलं होतं. "पण असं झालंच नाई कधी," तेही सांगितलं होतं. त्या गावात कुणाची टिंगल कुठपर्यंत जायची हे कुणाला शिकवावं लागत नाही, ते याच कलमामुळे.

एका दुपारी डबा खाताना त्यांनी लहानपणची एक गोष्ट सांगितली. माझ्या डब्यात ज्वारीची भाकरी होती, जरा करपलेली, आणि मी ती लपवून खात होते. सर म्हणाले, "लपवता काऊन, ताई? मले तं लोक भाकरच म्हणत." गावच्या विहिरीवर बायका त्यांच्याकडे पाहून त्यांच्या आईला ऐकवायच्या, "याच्या मायनं भाकर उलथलीच नाई वाटते." सर तेव्हा सहा-सात वर्षांचे. घरी येऊन ते चुलीपाशी बसले आणि आईला म्हणाले, मले पुन्हा भाज. आई त्या दिवशी भाकरी थापत राहिली आणि कुणी खाणार नाही इतक्या तिनं थापल्या.

हे सांगून ते हसले. मीही हसले. भाषेची बाई ना मी, मला ते वाक्य फार आवडलं. माय, भाकरी, चूल, सगळं एका फटक्यात. मी ते मनाच्या कप्प्यात ठेवून दिलं, कुठे तरी उपयोगी पडेल म्हणून.

टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांशी सरांचं वाकडं होतं. आम्ही सगळे मोबाइलवर तुकडे पाहायचो. त्यात एक घरगडी असायचा, मले-तुले बोलणारा, दर दोन मिनिटांनी थोबाडीत खाणारा. "वऱ्हाडी आहे हा," आम्ही कौतुकानं म्हणायचो, आपला माणूस टीव्हीवर आला म्हणून. सर एकदा डोकावले आणि विचारते झाले, "हा कोणत्या गावचा?" मी म्हटलं, अहो, नट आहे तो, पुण्याकडचा असेल. "म्हंजे आपलं सोंग आणलं त्यायनं. नारळ आला होता का तुमच्याकडं?" स्टाफरूम हसली. मी तर सगळ्यात जास्त हसले. सर मात्र मुलांच्या वह्या घेऊन निघून गेले.

आता डॅनियल.

सर दर हिवाळ्यात मुलांना लोणारला सरोवराची चित्रं काढायला न्यायचे. तिथं त्यांची या पोराशी गाठ पडली. तो टांझानियाचा, कुठल्याशा विद्यापीठात शिकणारा, सरोवराच्या पाण्याचे नमुने घ्यायला लोणारात लॉजवर खोली घेऊन राहिलेला. गावात निघाला की लोक त्याच्याबरोबर फोटो काढायचे. विचारून काढणारे कमी. त्याच्या बाटल्या, त्याचे रबरी बूट, त्याचे केस, सगळ्याला हात लावून पाहायचे. सरांनी त्याला फक्त मनगट मागितलं आणि स्वतःचं त्याच्या शेजारी ठेवलं. "देखो भाऊ, तुम्हारे में निळा जादा है." डॅनियल म्हणे इतका हसला की त्याच्या हातातली पाण्याची बाटली सांडली आणि पुन्हा पार खाली उतरावं लागलं. त्यानंतर तो रविवारी सरांच्या घरी जेवायला येऊ लागला. ठेचा खाऊन त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तो आणखी मागायचा.

त्याच हिवाळ्यात एका वाहिनीचा हास्य-कार्यक्रम जिल्ह्याजिल्ह्यात फिरत मेहकरला आला. कार्यक्रमाचं नाव सांगत नाही, तो बंदही झाला आता. मंगल कार्यालयाच्या लॉनवर मोठा मंच उभारला होता. त्यांना स्थानिक बोली लिहून देणारं कुणी हवं होतं, कुणी तरी माझं नाव सुचवलं. रंगभूषेला हाताखाली माणूस हवा होता, तिथं मी सरांचं नाव सुचवलं.

त्यांच्या प्रहसनात आफ्रिकेतला एक शास्त्रज्ञ सरोवर बघायला येतो. सरांनी आधी संहिता मागून घेतली, दोनदा वाचली. गाववाले त्या शास्त्रज्ञाला बाबा समजून नवस बोलतात, कुणी त्याला प्लॉट दाखवतो, कुणी मुलीची पत्रिका दाखवतो, आणि तो बिचारा पाण्याची बाटली शोधत फिरतो. सर म्हणाले, "हा मानूस हुशार हाय, येडे आपण हावोत. बसवता येते याले पुढं." आणि ते नारळ घेऊन लोणारला गेले.

मी सोबत होते. लॉजच्या दारात सरांनी त्याला सगळं समजावलं, नारळ, पहिली रांग, टॉवेल. शेवटचं कलम तेवढं सांगितलं नाही. पाहुण्यावर ओझं कशाला, म्हणाले. डॅनियलनं दोन्ही हातांनी नारळ घेतला आणि विचारलं, "मुझे हँसना पड़ेगा, सर?"

"आया तो हँसना. नाई आया, तो वो हमारा दोष."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तीन वाजता मला नवी पानं मिळाली. मुख्य नटानं हॉटेलात संहिता वाचून सांगितलं होतं, यात हसण्यासारखं काही नाही. आता तो शास्त्रज्ञ शास्त्रज्ञ उरला नव्हता. तो हू-हू करत होता, कच्चं वांगं चावत होता, ढोल वाजला की नाचत होता. आणि गाववाल्यांना त्याच्या रंगावर बोलायचं होतं. कानाला मायक्रोफोन लावलेली एक चुणचुणीत मुलगी मला म्हणाली, "मॅडम, इथे तुमच्याकडचा तडका द्या ना. मुंबईत आम्हाला असलं काही सुचत नाही. आणि तुमचं नाव स्क्रीनवर येणार आहे, हं."

मी अंबाड्यातलं पेन काढलं आणि वीस मिनिटांत लिहून दिलं. लिहिताना मला मजा आली. हे कबूल केल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. शेवटच्या वाक्याला तर मी एकटीच हसले. ती मुलगीही वाचून खो खो हसली आणि पानं घेऊन पळाली.

रंगभूषेची खोली शेजारीच होती. मध्ये फक्त एक पडदा. पलीकडे सर वाट्यांमधून रंग कालवत होते, चमच्याचा आवाज मला ऐकू येत होता. उठून पडदा सारायचा आणि सांगायचं, सर, संहिता बदलली, डॅनियलला फोन करा, येऊ नको म्हणा. इतकंच काम होतं. त्याला लोणारहून यायला अजून दोन तास होते. मी चहा घेतला. मग साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. विनोदच तर आहे, असं मी मनात दोन-तीनदा म्हटलं. जे मनात दोन-तीनदा म्हणावं लागतं ते खरं नसतं, हे नववीच्या मुलांना मीच शिकवते.

साडेपाचला मी पडद्याआडून डोकावले. नट खुर्चीत बसला होता आणि सरांनी त्याचा चेहरा पुरा केला होता. मी सरांचं काम अठरा वर्षं पाहत आले, पण तसा चेहरा पाहिला नव्हता. गोऱ्यापान माणसाच्या तोंडावर त्यांनी डॅनियलचा रंग आणला होता. कपाळावर निळसर, गालाच्या हाडावर तांबूस, गळ्याशी मऊ तपकिरी.

नटानं आरशात पाहिलं. "अहो सर, हा तर माणूस दिसतोय. मला कॉमेडी पाहिजे."

त्याच्या माणसानं डबी उघडली. डांबरासारखा काळा रंग. त्यानं सरांच्या रंगावरच तो भराभर थापला, ओठांभोवती जाड लाल पट्टा ओढला. सर हातात कुंचला धरून उभे होते. मग त्यांनी शांतपणे टेबलावरची पानं उचलली आणि वाचू लागले.

शेवटच्या पानाशी ते थांबले. मान वर करून त्यांनी खोलीभर पाहिलं आणि पडद्याशी मी दिसले.

"ही ओळ मुंबईची नाई, ताई," ते म्हणाले. "ही आमच्या इहिरीवरची हाय."

मी काही तरी बोलले. काय, ते आठवत नाही. बहुधा 'सर, ते नुसतं' असं काही. ते ऐकायला थांबले नव्हतेच. पानं टेबलावर ठेवून ते लॉनकडे धावले.

मी मंचाच्या कडेला जाऊन उभी राहिले. लॉन गच्च भरलं होतं, मेहकरचे, जानेफळचे, आसपासच्या गावांचे लोक होते. पहिल्या रांगेत, बरोबर मध्ये, डॅनियल बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, आणि मांडीवर तो नारळ. तो नारळ घरी ठेवायचा असतो, हे त्याला सांगायचं आम्ही विसरलो होतो. सर त्याच्या कानाशी वाकले. ते त्याला उठवत होते, दंडाला धरून. डॅनियल मान हलवत होता. काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. सर म्हणाले, "भाऊ, चलो. गलती हो गई." आणि तो म्हणाला, "सर, आपने बोला था, जिसका सोंग वो सामने बैठता है. मैं बैठूँगा. देखूँगा."

तेवढ्यात दिवे लागले. कार्यकर्ते सरांना 'बसा, बसा' करू लागले. खुर्ची रिकामी नव्हती, सर डॅनियलच्या पायाशी जमिनीवर बसले.

नट हू-हू करत आला आणि लॉन हसलं. वांगं चावलं, हसलं. ढोलावर नाचला, हसलं. मी नटाकडे पाहत नव्हते. माझे डोळे त्या दोघांवर होते. डॅनियलनं दोन्ही हात नारळावर ठेवले होते आणि चेहऱ्यावर पाहुण्याचं हसू होतं, जेवण आवडलं नाही तरी ठेवतात तसं. मी वाक्यं मोजत होते. चार उरली. तीन. दोन. मग सरपंच झालेल्या नटीनं माझी ओळ टाकली, "याच्या मायनं भाकर उलथलीच नाई वाटते!"

असं हसणं मी आयुष्यात ऐकलं नाही. लोक खुर्च्यांवरून वाकले. माझ्या ओळीला. सरांनी मान खाली घातली. डॅनियलला ते कळलं नसावं, पण तो सरांच्या मानेकडे पाहत होता, आणि त्याचं हसू तेव्हा गेलं.

नटाला गर्दीचा कैफ चढला होता. त्याला पहिल्या रांगेतला पांढरा शर्ट दिसला. "अरे, ओरिजिनल पण आलाय इथं! कम, कम, ब्रदर!" कॅमेरा वळला. दोघा कार्यकर्त्यांनी डॅनियलला हौसेनं मंचावर चढवलं. नारळासकट. नटानं आपला गाल त्याच्या गालाशी नेला आणि प्रेक्षकांना विचारलं, "जत्रेत हरवलेले भाऊ वाटतो ना?" लोक शिट्ट्या मारू लागले. डॅनियल ताठ उभा होता, एवढ्या उजेडात डोळे बारीक करून.

तेव्हा सर मंचावर आले. त्यांना कुणी अडवलं नाही, खांद्यावर टॉवेल पाहून रंगवाला आहे हे सगळ्यांना कळत होतं. त्यांनी नटाच्या हातातला माइक घेतला नाही. नुसते मोठ्यानं बोलले. "आमच्या गावची रीत हाय. ज्याचं सोंग, तो पह्यला रंग पुसते."

आणि त्यांनी टॉवेल डॅनियलपुढं धरला.

मुंबईच्या लोकांना वाटलं, ही आणखी एक गंमत. नटानं हसत गाल पुढं केला. पण मागच्या रांगांत सरांच्या गावचे आणि आसपासचे लोक होते. त्यांना शेवटचं कलम माहीत होतं. तिथून शांतता सुरू झाली आणि रांग रांग करत पुढं आली. सर त्या कलमातून सुटू शकत होते. तो काळा रंग त्यांनी लावलेला नव्हता. एवढं एक वाक्य ते बोलू शकत होते. ते बोलतील म्हणून मी वाट पाहत होते.

डॅनियलनं टॉवेल घेतला. नटाच्या तोंडाकडे त्यानं बराच वेळ पाहिलं, एखादी ओळख लागते का ते शोधल्यासारखं. मग टॉवेलची नीट घडी केली आणि सरांच्या हातात परत दिली.

"नहीं सर. ये मैं नहीं हूँ."

"हाव भाऊ," सर म्हणाले. "बरोबर हाय."

त्यांनी त्याचा हात धरला आणि दोघं मंचावरून उतरून लॉनच्या मधल्या वाटेनं बाहेर गेले. लोक पाय आवरून वाट देत होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी आपले कुंचले गावातल्या देवळाच्या कोनाड्यात नेऊन ठेवले. मी त्यांच्या घरी गेले, रडले, भांडले. म्हटलं, तो रंग तुमचा नव्हता, मी साक्ष देते. ते म्हणाले, "खालचा माहाच होता ना. अन् नारळ म्याच नेला." वर मला शपथ घातली की डॅनियलला हे कलम कधी सांगायचं नाही. तो त्या रविवारीही जेवायला आला होता. मार्चात नमुने संपवून तो गेला तोवर दर रविवारी आला. त्याला आजही माहीत नाही.

कार्यक्रम दाखवला तेव्हा डॅनियलचा भाग कापलेला होता. माझी ओळ होती. शेवटी बारीक अक्षरांत माझं नावही आलं. आठवडाभर मला फोन येत होते. पुढच्या सोमवारी मधल्या सुट्टीत आठवीतल्या पोरांनी एका सावळ्या मुलाला घेरलं होतं आणि माझी ओळ एका सुरात म्हणत होते. मी त्यांना पांगवलं. कुणाची ओळ आहे, असं त्यांनी विचारलं नाही, हे माझं नशीब. सरांनी या कशाचाही उल्लेख केला नाही. कपाटाशी भेटलो की "जेवण झालं का, ताई?" एवढंच. त्यांनी मला एकदा तरी झापायला हवं होतं.

दुसरं वर्ष आलं. सर त्यानंतरच्या दिवाळीला गेले, म्हणजे हा त्यांचा शेवटचा वैशाख. सोंगांच्या आदल्या दिवशी संध्याकाळी माझी कडी वाजली. दारात सर उभे होते, हातात नारळ घेऊन.

"उद्या तुमचं सोंग हाय, ताई. मंजूर हाय का?"

"कोण करणार आहे?"

"मी. रंग नाई लावाचा, कुंचला ठेवला म्या. नुसतं सोंग."

नाही म्हणायचा हक्क मला होता. ते थांबून राहिले, घाई न करता. मला वाटलं, आता साऱ्या गावासमोर ते वाक्य येणार, माझ्या आवाजात. यायलाच हवं. मी दोन्ही हातांनी नारळ घेतला.

दुसऱ्या दिवशी मी घोंगडीवर बसले होते, पहिल्या रांगेत. सर आले ते माझ्याच चालीनं, जरा डावीकडे झुकत, साडी एका हातानं आवरत. डोक्यावर काळ्या लोकरीचा अंबाडा आणि त्यात खोचलेलं पेन. गाव हसलं. मलाही हसू आलं, कारण मी खरंच अशीच चालते. त्यांनी खुर्चीवर बसून खडू झटकला, चष्म्यावरून पाहिलं, कुणाचं तरी शुद्धलेखन तपासलं. मग कुणी तरी कागद आणून दिल्याचं त्यांनी दाखवलं. अंबाड्यातलं पेन काढलं. जीभ दातांत धरून भराभर लिहिलं आणि शेवटी स्वतःच्याच ओळीवर खांदे हलवून हसले, एकटेच. मी तशीच हसले होते. तेव्हा तर मध्ये पडदा होता. आवाज पलीकडे गेला असणार.

मग ते उठले आणि कागद घेऊन पुढं आले. ओठ हलले. आता वाचणार, मी पदर घट्ट धरला. त्यांनी कागदाकडे पाहिलं. मग पहिल्या रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या रिकाम्या घोंगडीकडे. तिथं कुणी तरी बसलं असावं तसं बराच वेळ पाहिलं. पुन्हा कागदाकडे. आणि पेन काढून त्यांनी ती ओळ खोडली. एकदा, आडवी. पेन अंबाड्यात खोचलं, पडदा बाजूला सारावा तसा हात केला आणि पलीकडे कुणाला तरी मोठ्यानं हाक मारली, "सर, इकडं या जरा."

एवढंच सोंग. लोकांना ते अर्धवट वाटलं असावं, तरी त्यांनी टाळ्या दिल्या. कंडक्टरच्या सोंगाची पोरं पुढं सरकू लागली.

सर माझ्यापुढं येऊन गुडघ्यांवर बसले. त्यांच्या तोंडावर रंगाचा ठिपका नव्हता. उन्हानं कपाळावर घाम आला होता आणि लोकरीचा अंबाडा एका बाजूला कलंडला होता. त्यांनी टॉवेल माझ्या हातात दिला.

"सर, पुसायला काही नाहीये," मी म्हणाले.

"रीत हाय, ताई. पुसा."

मी त्यांच्या गालावरून टॉवेल फिरवला. तपकिरी, तांबूस आणि कानशिलाशी अगदी थोडा हिरवा, जसा त्या मुलीला सापडला होता. सगळं जिथल्या तिथं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. मग ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, मी आवरते तशी साडी आवरत सोंगांच्या गर्दीत गेले, आणि टॉवेल माझ्याकडेच राहिला.